पाणी कधी रिकामे नसते

कॅनडाच्या पश्चिम भागात, रॉकी पर्वताच्या रांगांमध्ये बॅन्फ नावाचे एक लहानसे गाव आहे. हिवाळ्यात तेथील तापमान कधी कधी शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरते. नद्या गोठतात आणि सगळा परिसर बर्फाखाली झाकला जातो. परंतु गावाला लागून असलेल्या सल्फर पर्वताच्या उतारावरून बारा महिने ऊन पाणी वाहत असते. पर्वतावर पडलेले पावसाचे आणि बर्फाचे पाणी खडकांच्या भेगांतून सुमारे तीन किलोमीटर खोल जाते, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापते आणि वाटेतील खनिजे विरघळवून घेत पुन्हा वर येते. गंधकाचा उग्र वास असलेले हे पाणी पायथ्याच्या एका गुहेत व तिच्या शेजारच्या कुंडात साठते आणि तेथून खालच्या दलदलीत उतरते.

त्या प्रदेशातील आदिवासींना हे झरे फार पूर्वीपासून ठाऊक होते. 1883 मध्ये रेल्वेमार्गाच्या कामावरील तीन मजूर तेथे पोहोचले आणि झऱ्यांची कीर्ती दूरवर गेली. 1885 मध्ये सरकारने झऱ्यांभोवतीची सुमारे 26 चौरस किलोमीटर जमीन राखून ठेवली. 1887 मध्ये तेथे कॅनडाचे पहिले राष्ट्रीय उद्यान आकाराला आले. आज त्या उद्यानाचा विस्तार साडेसहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. एवढ्या मोठ्या अभयारण्याचा जन्म काही ऊन झऱ्यांपोटी झाला. तरीही त्या झऱ्यांच्या पाण्यातील जीवांचे रक्षण मात्र त्या उद्यानाला करता आले नाही. हे असे का घडले, याचा विचार कॅनडापासून हजारो किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसांनीही करावा, असे त्यात बरेच काही आहे.

गंधकाच्या वासाचे, प्राणवायू कमी असलेले ऊन पाणी पाहिले की त्यात काही जगत असेल असे वाटत नाही. प्रत्यक्षात त्या पाण्यात एक स्वतंत्र संसार नांदतो. दगडांवर सूक्ष्म जिवाणूंचे पांढरे, गुलाबी, हिरवट थर साचतात. शेवाळाचे तवंग पृष्ठभागावर तरंगतात. त्या थरांवर चरणारी एक इवलीशी गोगलगाय तेथे राहते. तिचा शंख बहुधा लिंबाच्या बीपेक्षा मोठा नसतो. ही जात बॅन्फजवळच्या या ऊन झऱ्यांखेरीज जगात दुसरीकडे कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. शास्त्रज्ञांनी 1926 मध्ये तिचे वर्णन केले. खालच्या दलदलीत बोटभर लांबीचा, पुढे आलेल्या लांबट तोंडाचा एक मासा राहत असे. बॅन्फचा डेस हे त्याचे नाव. बाहेरच्या नदीतील डेस माशाचाच हा एक भाऊबंद. पण ऊन पाण्याच्या आश्रयाने वेगळा झालेला. 1916 मध्ये त्याची स्वतंत्र उपजात म्हणून शास्त्रात नोंद झाली. ही उपजात केवळ त्या एका दलदलीत होती.

1924 मध्ये त्या दलदलीत बाहेरून मासे आणून सोडण्यात आले. त्यांचे नाव गॅम्बुशिया. हा मासा मूळचा अमेरिकेच्या दक्षिण भागातला व मेक्सिकोतला. डासांच्या अळ्या खातो अशी त्याची ख्याती असल्यामुळे गेल्या शतकात त्याला जगभर नेण्यात आले. बॅन्फला येणाऱ्या प्रवाशांना डासांचा उपद्रव होत असे. तो कमी व्हावा, एवढाच त्या वेळी हेतू होता. त्यात कोणाचे वाईट चिंतलेले नव्हते, कोणाचा स्वार्थही नव्हता. म्हणूनच ही घटना विचार करण्याजोगी आहे.

बाहेरच्या थंड नदीत गॅम्बुशिया पहिल्याच हिवाळ्यात मेला असता. ऊन पाण्याने त्याला जगवले. या माशाची मादी अंडी घालत नाही, थेट पिलांना जन्म देते. अनुकूल पाण्यात तीन ते चार आठवड्यांत तिची एक वीण पूर्ण होते आणि एका विणीत पन्नास-साठ पिले निघू शकतात. शिवाय हा मासा केवळ डासांच्या अळ्यांवर समाधान मानत नाही. पाण्यातील बारीक कीटक, इतर माशांची अंडी आणि नुकती जन्मलेली पिले हेही त्याचे खाद्यच होय. ज्या खाद्यावर मूळचे रहिवासी जगत होते त्यावर त्याने हक्क सांगितला आणि त्यांच्या पिलांवरही ताव मारला.

त्यानंतरच्या काही दशकांत आणखी पाहुणे आले. घरच्या काचपेटीतील मासे नकोसे झाले की लोक ते त्या ऊन पाण्यात आणून सोडू लागले. उष्ण कटिबंधातील मोली, आफ्रिकेतील तांबडा ‘ज्वेल’ मासा असे रंगीत मासे बर्फाळ कॅनडाच्या दलदलीत दिसू लागले. येणाऱ्यांना त्याचे कौतुकच वाटे. याच काळात वरच्या पोहण्याच्या तलावातील क्लोरीनयुक्त पाणीही खाली दलदलीत जात असे. डेसवर चहूबाजूंनी संकट कोसळले: खाद्यात वाटेकरी, पिलांना भक्षक, पाण्यात रसायन आणि नदीतील डेसशी होणारा संकर. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगवेगळे मोजून दाखवणे कठीण आहे. परिणाम मात्र स्पष्ट आहे. 1986 नंतर तो मासा कोणाला दिसला नाही आणि 1987 मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. जगाच्या पाठीवर त्याचे एकच घर होते. ते गेले आणि त्याबरोबर तोही गेला. गॅम्बुशिया मात्र त्या दलदलीत अजून टिकून आहे.

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. बोटभर लांबीचा, कोणाच्या ताटात न येणारा एक मासा गेला तर बिघडले काय? पृथ्वीवर माशांच्या जाती थोड्या का आहेत? हा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे आणि त्याचे उत्तरही व्यवहाराच्याच भाषेत देता येते. पहिली गोष्ट अशी की, डेसचा नाश हा केवळ एका माशाचा प्रश्न नव्हता. ती त्या पाण्याची घडी विस्कटल्याची खूण होती. पाण्यातील सूक्ष्म जीव शेवाळ खातात, त्या जीवांना मासे खातात, माशांना पक्षी व साप खातात. या साखळीत अनोळखी कडी बळेच घातली तर ताण सगळ्या साखळीवर येतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. धरण फुटले तर ते पुन्हा बांधता येते, जंगल तुटले तर काही प्रमाणात पुन्हा लावता येते. नामशेष झालेली जात कितीही पैसा ओतला तरी परत आणता येत नाही. ज्या कृतीची भरपाई अशक्य आहे, ती करण्यापूर्वी दुप्पट विचार करणे हा साधा शहाणपणा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्या देशाच्या संदर्भात टाळता येण्यासारखा नाही. गॅम्बुशिया भारतात 1928 मध्ये आणला गेला. त्याच्याही आधी दक्षिण अमेरिकेतील गप्पी मासा येथे आला होता. दोघांचेही काम एकच, डासांच्या अळ्या खाणे. बॅन्फमध्ये डास हा प्रवाशांच्या त्रासाचा विषय होता; भारतात तो हिवतापाचा आणि डेंग्यूचा, म्हणजे माणसांच्या जिवाचा विषय आहे. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईला दूरच्या एखाद्या माशाचे दुःख सांगणे निर्दयपणाचे ठरेल. आरोग्य कर्मचारी गप्पी मासे वाटतात ते लोकांचे प्राण वाचावेत म्हणून, आणि त्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही येथे एक भेद करायला हवा. सिमेंटची टाकी, बांधकामावरील हौद, बागेतील कारंजे, वापरात नसलेली बंदिस्त विहीर ही माणसाने तयार केलेली साठवणीची ठिकाणे आहेत. त्यांत मासे सोडल्याने अळ्या कमी होतात आणि ते मासे बाहेर जाण्याचा धोकाही थोडा असतो. ओढा, तळे, पाणथळ, झरा यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे आधीपासून कोणीतरी राहत असते. एका ओढ्यात सोडलेले मासे पहिल्या पुराबरोबर दुसऱ्या गावाच्या पाण्यात जातात. तेथून त्यांना परत बोलावता येत नाही. हौदासाठी योग्य असलेला उपाय ओढ्यासाठीही योग्य ठरेल असे मानणे ही चूक आहे. करायला जावे एक आणि व्हावे भलतेच, असा प्रकार मग घडतो.

शिवाय अळ्या खाणारे मासे परदेशातूनच आणायला हवेत असे नाही. भारतातील तळ्यांत, भातखाचरांत आणि कालव्यांत असे मासे मुळातच आहेत. डोक्यावर चकाकणारा पांढरा ठिपका असलेला एक छोटा मासा बंगालपासून दक्षिणेपर्यंत आढळतो. त्या ठिपक्यामुळे बंगालीत त्याला ‘तेचोखा’, म्हणजे तीन डोळ्यांचा, असे म्हणतात. तो पाण्याच्या पृष्ठभागालगत राहतो आणि डासांच्या अळ्यांवर जगतो. तळ्याचे पाणी स्वच्छ राखले, त्यात सांडपाणी सोडले नाही, तर असे देशी मासे आपले काम विनामोबदला करीत राहतात. घरचे राखणदार उपाशी ठेवून बाहेरून राखणदार आणण्यात शहाणपण नाही.

शोभेच्या माशांबाबत तर कोणताही युक्तिवाद पुढे करता येत नाही. दुकानात अंगठ्याएवढा ‘सकर’ मासा काचेवरील शेवाळ साफ करणारा म्हणून विकला जातो. तो हातभर वाढेल, हे विकत घेणाऱ्याला सहसा सांगितले जात नाही. वाढलेला मासा पेटीत मावेनासा झाला की त्याला मारवत नाही, म्हणून जवळच्या तळ्यात सोडले जाते. कित्येकांना त्यात पुण्यही वाटते. दक्षिण अमेरिकेतला हा मासा अशाच रीतीने आज कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळीत आणि केरळच्या पाण्यातही पोहोचला आहे. त्याच्या अंगावर टणक कवच असते आणि कल्ल्याजवळच्या परांना काटे असतात. ते जाळ्यात अडकून जाळी फाटते. त्याला बाजारात भाव मिळत नाही. ज्या मच्छीमाराचा दिवस जाळ्यातील माशांवर अवलंबून असतो, त्याच्या घरात या पुण्याची किंमत मोजली जाते. एका जिवावर केलेली दया अनेक जिवांवर आणि माणसांवर उलटते, ती अशी.

केवळ कायद्याने हे थांबेल का? कायदा आवश्यक आहे. परंतु पुरेसा नाही. आफ्रिकी मागूर माशाच्या संवर्धनावर भारत सरकारने 2000 मध्ये बंदी घातली, तरीही त्यानंतर अनेक वर्षे त्याची चोरटी पैदास सुरू राहिली. बॅन्फचे झरे राष्ट्रीय उद्यानात असूनही लोक तेथे मासे सोडत राहिले. प्रत्येक तळ्याच्या काठावर पहारेकरी उभा करता येत नाही. म्हणून माहिती आणि विवेक यांचाच पहारा उभारावा लागतो. मासा किती वाढतो, किती वर्षे जगतो, हे दुकानदाराने विकतानाच सांगावे. सांभाळणे अशक्य झाले तर तो दुकानात परत करावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. तळ्यात मासे सोडण्याची योजना आखताना गावच्या जुन्या मच्छीमारांना आणि जाणकारांना, येथे आधी कोण राहते, असे विचारावे. यांपैकी कशालाही फारसा खर्च येत नाही.

बॅन्फमध्ये डेस परत आला नाही. पण त्या नाशातून काही शहाणपण आले. इवल्या गोगलगायीला 2000 मध्ये अतिधोक्यातील जीव म्हणून मान्यता मिळाली. काही झऱ्यांतून ती नाहीशी झाली होती. त्यांपैकी दोन झऱ्यांत तिला पुन्हा वसवण्यात आले. आता तेथे येणाऱ्याला कुंडातील पाण्यात हात घालण्यासही मनाई आहे, कारण अंगाला लावलेल्या मलमाचा अंशही त्या पाण्याला बाधतो. ज्या पाण्यात एके काळी लोक मनाला येईल तो मासा सोडत होते, त्याच पाण्याला आज बोट लावू दिले जात नाही. एका जातीचा कायमचा अंत झाल्यानंतर हा नियम आला.

भारतातील असंख्य तळी, ओढे आणि झरे यांच्या पाण्यात कोण कोण राहते, याची पूर्ण मोजदाद अजून झालेली नाही. काठावर उभे राहिलेल्या माणसाला वरून फक्त पाणी दिसते आणि हातातील पिशवीत एखादा मासा असतो. पिशवीची गाठ सोडण्यापूर्वी त्याने क्षणभर थांबावे. पाणी वरून रिकामे दिसत असले, तरी त्यात कोणाचे तरी घर असते.