लाइट आहे, तरी बॅटरी का उतरते?



जुन्नर तालुक्यात बिबट्याचा वावर आहे. राजुरीसारख्या गावात, त्यातून वस्तीवर, रात्री गोठ्यापुढचा दिवा गेला की घरच्यांचा जीव खालीवर होतो. त्यासाठीच आपण इन्व्हर्टर घेतो. मग तो कोणत्या वेळी काय करतो, हे घरातल्या सर्वांना ठाऊक हवे.

लाइट असते तेव्हा खांबावरची वीज त्याच्यातून तशीच दिव्या-पंख्यांकडे जाते आणि थोडी बॅटरी भरायला लागते. लाइट गेली की तो बॅटरीची १२ व्होल्टची डीसी वीज घेऊन तिची २३० व्होल्टची एसी करतो. तोच बिघडला, तर बायपास स्विच फिरवून घराला सरळ लाइन देता येते.

आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेक इन्व्हर्टरवर एक लहानसा खटका असतो. एका बाजूस ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूस ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. यूपीएसवर अदलाबदल इतकी झटपट होते की कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण तिथे तो फार चोखंदळ असतो. साधारण १८० व्होल्टच्या खाली लाइन उतरली की तो ती नाकारतो आणि बॅटरीवर जातो. संध्याकाळी मोटारी, गिरणी, कडबाकुट्टी एकदम सुरू होऊन व्होल्टेज १६० वर आले, तर लाइट असूनही बॅटरी रिकामी होत राहते. रात्री खरोखर लाइट जाते, तेव्हा अंधार!

म्हणून घरात कॉम्प्युटर नसेल, तर खटका नॉर्मलवर ठेवा. तिथे तो साधारण १०० व्होल्टपर्यंतची लाइन घेतो. मात्र तेच कमी व्होल्टेज पुढे जाते, म्हणून फ्रिजला वेगळा स्टॅबिलायझर हवा.

हिशेबही करा. १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. पाऊण भाग हाती लागेल असे धरा. ९ वॅटचे चार दिवे आणि ७५ वॅटचे दोन पंखे मिळून १८६ वॅट, म्हणजे सुमारे सात तास. पंखे बंद केले, तर दिवे रात्रभर पुरतील.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, आडाचे पाणी नको. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. जवळ काडी ओढू नका.

आणि एक पक्के ध्यानात ठेवा. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरच्या तारांत २३० व्होल्ट असतात. होल्डरला हात लावण्याआधी दोन्ही बंद करा, आणि टेस्टर लावून खात्री करा.