गुंगी उतरली म्हणजे उतरली नव्हे

आमच्या वस्तीतला एक भाऊ गुंगीचे औषध घेऊन दुपारी दाढ काढून आला आणि रात्री मोटारसायकलने मोशीमार्गे चाकणला पाळीवर निघाला. वहिनींनी किल्लीच दिली नाही. बरे केले!

नुसत्या सुईने हिरडी बधिर करतात ते वेगळे. गुंगीच्या औषधानंतर माणूस बोलतो-चालतो, पण हात आणि नजर मंद असतात. त्याचे त्यालाच कळत नाही. म्हणून २४ तास गाडी, प्रेस मशीन, दारू आणि महत्त्वाच्या कागदावर सही बंद. दवाखान्यात सोबत जाणते माणूस न्या. रात्री एकटे झोपवू नका. हाक मारून उठत नसेल, श्वास जड वाटला, तर तडक संत तुकारामनगरचे वायसीएम गाठा. खाड्याची धास्ती असेल तर विश्रांतीचा दाखला डॉक्टरांकडून निघतानाच मागून घ्या.