कॉन्व्हेंटची भिंत कोणासाठी?

मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, कोणत्याही शहरातील वस्तीत जाऊन विचारा. धुणीभांडी करणाऱ्या आईचे, रिक्षा चालविणाऱ्या बापाचे एकच स्वप्न असते, पोराला कॉन्व्हेंटला घालायचे. हे वेड नव्हे. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर बंद होते, त्या समाजाने ओळखलेली ती वाट आहे. प्रश्न असा आहे की, त्या वाटेवरचे फाटक आज आमच्या लेकरांसाठी उघडे आहे काय?

इतिहास विसरून चालणार नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, त्या काळात मिशनऱ्यांच्या शाळा अस्पृश्यांच्या मुलांना शिकवीत होत्या. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा जळजळीत निबंध १८५५ साली छापला तो मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ने. हे ऋण आम्ही मान्य करतो. म्हणूनच आजचा हिशेब मागण्याचा अधिकारही आम्हाला आहे.

घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. बहुसंख्याकांच्या दडपशाहीविरुद्धची ती ढाल आहे. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांतही मागासवर्गीयांच्या प्रवेशासाठी तरतूद करण्याची मुभा सरकारला मिळाली, पण अल्पसंख्याक संस्था त्यातून वगळल्या गेल्या. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला. विनाअनुदानित खासगी शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना मिळाल्या. पुढे ६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की, हा कायदा अनुदानित वा विनाअनुदानित कोणत्याच अल्पसंख्याक शाळेला लागू होणार नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. २५ टक्के जागा तर गेल्याच, पण प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास बंदी करणारे याच कायद्यातील कलम १३ ही या शाळांपुरते गळून पडले. मग बापाला इंग्रजी बोलता येते काय, आई काय करते, घर कोठे आहे, हे विचारण्याची सोय झाली. जात विचारण्याची गरजच उरत नाही. पत्ता सांगितला की जात कळते!

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली अल्पसंख्याक शाळांचा अहवाल प्रसिद्ध केला. धार्मिक अल्पसंख्याकांच्या लोकसंख्येत ख्रिश्चन ११.५४ टक्के, पण अशा शाळांपैकी ७१.९६ टक्के शाळा त्यांच्या. या ख्रिश्चन शाळांतील ७४ टक्के विद्यार्थी ख्रिश्चन नाहीत. आणि सर्व अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित विद्यार्थी किती? ८.७६ टक्के! आयोगाचा हेतू काय होता याविषयी शंका घेण्यास जागा आहे. परंतु आकडे झाकून ठेवण्याचेही कारण नाही. चारांपैकी तीन विद्यार्थी बाहेरच्या समाजातले घ्यायचे आणि त्यात वंचितांना बाजूला ठेवायचे, तर कलम ३० चा लाभ नेमका कोणाला झाला? फी भरू शकणाऱ्या सवर्ण मध्यमवर्गाला!

कारभाराचेही तेच. शाळा धर्मप्रांताची, धर्मसंघाची किंवा ट्रस्टची. मुख्याध्यापक त्यांचा, धोरण त्यांचे. शिक्षणहक्क कायद्यातील शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात व त्यात वंचित घटकांना प्रमाणशीर स्थान असते. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित अल्पसंख्याक शाळांत ही समिती केवळ सल्लागार ठरविली, २०१४ नंतर तेही बंधन उरले नाही. जी शाळा सरकारी अनुदानावर पगार भागविते, तिच्या कारभारात आमच्या पालकाचा आवाज नसावा, हा कोणता न्याय?

अभ्यासक्रमाकडे पाहा. काही नामांकित शाळा राज्य मंडळ सोडून आयसीएसई वा परदेशी मंडळाकडे वळल्या. मंडळ बदलले की फी वाढते आणि फी वाढली की वस्तीतले मूल आपोआप गळते. कोणालाही ‘नाही’ म्हणावे लागत नाही.

आणि चर्चच्या आत तरी काय आहे? भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमध्ये जातिभेद असल्याचे मान्य केले. १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित ख्रिश्चन अनुसूचित जातींच्या सवलतींना मुकले. म्हणजे सरकारने नाकारलेला हा आमचा बांधव आपल्याच धर्माच्या शाळेतही फीच्या खिडकीवर अडतो.

येथे सावध राहिले पाहिजे. धर्मांतराची आवई उठवून या शाळांवर चाल करून जाणारे मनुवादी आमच्या मुलांच्या प्रवेशासाठी भांडत नाहीत. त्यांना कलम ३० मोडायचे आहे. आज ख्रिश्चनांची ढाल मोडली तर उद्या बौद्धांच्या संस्थाही उघड्यावर येतील. कारण हे कलम आमचेही आहे.

१ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी प्रमती निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाच्या विचारार्थ सरन्यायाधीशांकडे पाठविला. परंतु शाळांना न्यायालयाची वाट पाहण्याची गरज काय? कायदा सक्ती करीत नाही, पण मनाईही करीत नाही. पहिल्या वर्गाच्या चौथा हिस्सा जागा दलित ख्रिश्चनांसह सर्व वंचितांना द्याव्यात, पालकांच्या मुलाखती बंद कराव्यात, व्यवस्थापनात वस्तीतील पालक घ्यावेत आणि कोणत्या समाजाची किती मुले शिकतात हे दरवर्षी जाहीर करावे. कलम ३० ला धक्का न लावता हे उद्यापासून करता येईल.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालये उभी केली आणि त्यांची दारे सर्वांना खुली ठेवली. ज्यांच्यासाठी जगाने दारे बंद केली त्यांनी स्वतःचे दार उघडे ठेवले. मिशनच्या शाळांकडून आम्ही याहून अधिक काही मागत नाही. समाजबांधवांनो, अर्ज घेऊन फाटकावर जा, नकार मिळाला तर लेखी मागा. ढाल त्यांची शाबूत राहो, भिंत मात्र पडलीच पाहिजे!