ड्रोनला न दिसलेला कोपरा

आज एका सोप्या प्रश्नाने सुरुवात करते. घर झाडताना तुम्ही कुठून सुरुवात करता?

हसू नका. माझ्या आजीच्या मते याचं बरोबर उत्तर एकच आहे. आतल्या खोलीच्या कोपऱ्यापासून सुरू करायचं आणि केर दाराकडे आणायचा. मागे ती आमच्याकडे इंदूरला आली होती, तेव्हा शेजारच्या काकूंनी त्यांचा झाडू मारणारा रोबो तिला कौतुकाने दाखवला. तो बिचारा सोफ्याला धडकायचा, वळायचा आणि झाडलेल्या जागेवरच पुन्हा फिरायचा. आजी पाच मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, "याला झाडायला कुणी शिकवलं गं?"

आजीचा प्रश्न नेमका आहे. स्वतःचं स्वतः फिरणाऱ्या यंत्राने कुठून कसं जायचं हे ठरवण्याला पाथ प्लॅनिंग म्हणतात. इथून तिथे सर्वात जवळच्या रस्त्याने जायचं, एवढंच असेल तर ते कोडं केव्हाच सुटलंय. एड्सगर डायक्स्ट्रा नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये, होणाऱ्या बायकोबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदी करून दमल्यावर, कॅफेत बसल्या बसल्या वीसेक मिनिटांत त्याची रीत शोधली. तीही कागद-पेन्सिल न घेता! (माझी खरेदीनंतर फक्त पाणीपुरी होते.) पण पाहणी करणाऱ्या ड्रोनला कुठे पोहोचायचं नसतंच. त्याला सगळी जागा बघून, बॅटरी संपायच्या आत परत यायचं असतं.

हे मी आजीच्याच गावात, जळगाव जिल्ह्यात बघितलं. गावठाणातल्या घरांच्या हद्दी मोजण्यासाठी केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली, हे तुम्ही ऐकलं असेल. शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या कितीतरी घरांना पक्का कागदच नसतो. म्हणून घराच्या कडेने चुन्याच्या रेघा मारायच्या, वरून ड्रोनने फोटो काढायचे आणि त्यावरून नकाशा करायचा. मामाने आदल्या दिवशी भर उन्हात स्वतः चुना टाकला. "रेघ वाकडी गेली तर उद्या भिंत वाकडी ठरेल," म्हणत होता.

ड्रोन उडाला आणि मला एकदम नांगरणी आठवली. सरळ एक तास, टोकाला वळण, शेजारून उलटा दुसरा तास. गंमत म्हणजे या पद्धतीचं शास्त्रीय नावही तेच सांगतं. बूस्ट्रोफेडन या ग्रीक शब्दाचा अर्थ, बैल वळतो तसं. आणि शेतकरी जसा शेताच्या लांबीच्या दिशेने नांगरतो, तसाच ड्रोनही शक्यतो लांबीच्या दिशेने फिरवतात. कारण एकच, वळणं कमी. प्रत्येक वळणावर वेग कमी करायचा, पुन्हा वाढवायचा, त्यात वेळ आणि बॅटरी जाते. चार पंख्यांच्या छोट्या ड्रोनची बॅटरी साधारण अर्धा तास टिकते, आणि त्यातलीही थोडी परतीसाठी राखून ठेवावी लागते.

मग पट्ट्या लांब लांब का नाही मारायच्या? इथेच खरी ओढाताण आहे. समजा एका फोटोत १२० मीटर रुंद जमीन येते. पण शेजारच्या पट्टीतला फोटो त्यावर ७० टक्के चढायला हवा असेल, तर पुढची पट्टी फक्त ३६ मीटरवर येते. ३६० मीटर रुंद गावठाणाला दहा पट्ट्या. तेच ५० टक्क्यांवर भागवलं तर सहा पट्ट्यांत काम उरकतं. मोह होतो ना? पण एकच भिंत जितक्या जास्त फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून दिसेल, तितकी तिची जागा गणिताने नेमकी काढता येते. पट्ट्या विरळ केल्या की झाडाआडचं, उंच भिंतीमागचं हातचं जातं. आणि ते कुणाचं तरी घर असतं.

आमचंच निघालं! परसदारी आजोबांनी लावलेला कडुनिंब आहे. त्याच्याखाली आलेला घराचा मागचा कोपरा दाट पट्ट्या मारूनही दिसला नाही. पानांतून आरपार बघणं साध्या कॅमेऱ्याला जमत नाही. मामाचा चेहराच उतरला.

हे झालं एकदाच बघण्याचं. रोज लक्ष ठेवायचं असेल तर कोडं अजून अवघड होतं. तुम्ही मात्र ते रोज सकाळी सोडवता. एका शेगडीवर दूध, दुसरीवर कुकर, बाहेर रांगणारं बाळ. तुम्ही तिघांकडे सारख्याच वेळाने बघता का? दुधाकडे दर मिनिटाला, कुकरकडे कानाने, आणि बाळ गप्प झालं की लगेच. जंगलातल्या वणव्यावर किंवा पुराच्या पाण्यावर नजर ठेवणाऱ्या ड्रोनलाही हेच शिकवतात. जिथे परिस्थिती भराभर बदलते तिथे वारंवार जा, बाकीच्या ठिकाणी सावकाश.

पण समोर चोर असेल तर ठरलेली फेरी घातक. बाराला शिट्टी वाजवून जाणारा वॉचमन दोनलाच परत येतो, हे चोरालाही कळतं. म्हणून मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गस्तीत मुद्दाम अनिश्चितता आणली. नुसती चिठ्ठी टाकून नाही, तर महत्त्वाच्या जागांना जास्त वजन देऊन. त्यांची ही पद्धत २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर वापरात आली. नंतर त्याच विचारातून युगांडाच्या क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानात शिकाऱ्यांविरुद्धच्या गस्तीचे मार्ग आखून बघितले. तिथे गस्त घालणारी माणसं होती. ड्रोनची गस्त आखतानाही हाच प्रश्न येतो.

आमच्या कोपऱ्याचं काय झालं? पुढे पडताळणीला माणसं आली, त्यांनी टेप लावून तो मोजला आणि नकाशात घातला. मामाने तो नकाशा मोबाइलवर पाठवला, मी मोठा करून आजीला दाखवला. घराकडे तिने बघितलंही नाही. "ह्यांचा कडुनिंब कुठाय?" तिने विचारलं. नकाशात नुसत्या रेघाच होत्या. मग मामाकडून ड्रोनचा मूळ फोटो मागवून घेतला. त्यात सगळ्या गावठाणात सर्वात मोठा हिरवा गोल तोच होता.