अडीचशे डॉलरांची नोकरी

क्रीडावृत्तासाठी या पत्राची आतली पाने राखलेली असताना एका परदेशी बास्केटबॉल-शिक्षिकेविषयी पहिल्या पानावर लिहावयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतकेच की, अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात पॅट समिट या बाईंनी ३८ वर्षे जी नोकरी केली तिच्यात खेळाहून पुष्कळ अधिक गुंतलेले होते. मुलींना शिकविण्याचे काम मुलांना शिकविण्याच्या कामाहून हलके समजावयाचे काय, हा तो प्रश्न. बहुतेक संस्था त्याचे उत्तर व्यासपीठावरून एक देतात आणि पगारपत्रकावर दुसरेच देतात. समिटबाईंनी ते कामाने दिले. त्यांच्यामागे त्या उत्तराची काय गत झाली, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बाईंचा जन्म १९५२ सालचा, टेनेसीतील क्लार्क्सव्हिलचा. घर शेतकऱ्याचे, तंबाखूचे पीक आणि दुभती जनावरे. पाठीवर तीन थोरले भाऊ असलेल्या या मुलीला गोठ्यात आणि शेतात भावांच्या बरोबरीने राबावे लागे. कामात सवलत नव्हती, तशी वडिलांच्या तोंडी कौतुकाची भाषाही नव्हती. पण तेथील शाळेत मुलींचा बास्केटबॉल-संघ नाही असे दिसताच याच अबोल गृहस्थाने बिऱ्हाड उचलून शेजारच्या हेन्रिएटा गावी नेले! मुलीच्या खेळापायी घर हलविणारा बाप आजही शोधूनच काढावा लागेल. पुढे कॉलेजची वेळ आली तेव्हा मात्र बापाचे काही चालेना. तिन्ही भाऊ खेळाच्या शिष्यवृत्तीवर शिकले. मुलींसाठी तशी शिष्यवृत्तीच नसल्याने हिची फी घरातून भरावी लागली.

१९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करता कामा नये, एवढाच त्याचा मथितार्थ. ‘टायटल नाइन’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. गंमत अशी की, त्याच्या मूळ वाक्यात खेळाचा उल्लेखही नाही. पण महाविद्यालयांच्या मैदानांवर त्याने जी उलथापालथ केली ती वर्गांतील फेरबदलांहून काही कमी नव्हे. समिटबाई नोकरीस लागल्या त्या या कायद्याच्या दुसऱ्याच वर्षानंतर, १९७४ मध्ये. वय २२. आल्या होत्या सहायक म्हणून आणि पुढील पदवीच्या अभ्यासासाठी. मुख्य प्रशिक्षिका रजेवर गेल्या आणि संघ यांच्या पदरात पडला. महिना पगार २५० डॉलर. संघातील काही मुली त्यांच्याहून एखादे वर्षच लहान होत्या. बाई स्वतः गाडी हाकीत संघाला परगावी नेत, मुलींचे गणवेश स्वतः धूत. आणि ते गणवेश तरी आले कोठून? डोनट विकून जमविलेल्या पैशांतून. एका दौऱ्यात तर प्रतिस्पर्ध्यांच्याच व्यायामशाळेत जमिनीवर पथाऱ्या टाकून मुलींनी रात्र काढली. पहिला सामना त्या मर्सर विद्यापीठाशी ८४ विरुद्ध ८३, म्हणजे एका गुणाने, हरल्या. हे करीत असतानाच त्यांचा स्वतःचा अभ्यास, वर्ग घेणे आणि दुखावलेल्या गुडघ्यावर ऑलिंपिकची तयारी चालूच होती. १९७६ साली माँट्रियल येथे बायकांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये प्रथमच खेळला गेला, तेव्हा रौप्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघाच्या त्या सहकर्णधार होत्या.

येथे एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. त्या काळी टेनेसीच्या शाळांत मुलींचा बास्केटबॉल निराळ्या नियमांनी चाले. पाचांऐवजी सहा खेळाडू; तिघींनी मैदानाच्या एका अर्ध्यात राहावयाचे, तिघींनी दुसऱ्या अर्ध्यात, मधली रेघ कोणी ओलांडावयाची नाही. एका बाजूच्या तिघी केवळ चेंडू टाकणार, दुसऱ्या बाजूच्या तिघी केवळ अडविणार. म्हणजे एखादी मुलगी शाळेची सारी वर्षे खेळूनही सामन्यात एकदासुद्धा टोपलीकडे चेंडू न फेकता बाहेर पडे. सबंध मैदान धावणे मुलींच्या प्रकृतीस झेपणार नाही, ही त्यामागील काळजी! काळजीच्या पोटी मुलींवर जितकी बंधने आली तितकी द्वेषापोटी आली नसतील. समिटबाईंनी या नियमाविरुद्ध उघड आवाज उठविला. बाहेरच्या मुली पूर्ण मैदानावर वाढत असताना आपल्या राज्यातील मुलींना शिष्यवृत्ती मिळावी कशी, असा त्यांचा रोकडा सवाल होता. १९७९ मध्ये राज्याने तो नियम मोडीत काढला.

पुढील यशाची जंत्री देण्यात अर्थ नाही, थोडक्यात सांगतो. १,०९८ विजय, २०८ पराभव. आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे, त्यांपैकी १९९६, १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ तीन. १९९७-९८ च्या हंगामात ३९ सामने आणि ३९ विजय. आणि १९८४ साली लॉस एंजेलिस येथे प्रशिक्षिका या नात्याने ऑलिंपिक सुवर्णपदक. आम्हांस याहून मोठा वाटतो तो दुसराच एक आकडा. टेनेसीत खेळाची मुदत पुरी केलेल्या त्यांच्या प्रत्येक खेळाडूने पदवी मिळविली. शेकडा शंभर. मुलींनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसले पाहिजे आणि विनाकारण तास बुडविता कामा नये, असा बाईंचा दंडक होता. मागच्या बाकांवर काय चालते हे ज्यांनी फळ्यापाशी उभे राहून वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्यांस या साध्या नियमातील शहाणपण समजावून सांगावयास नको.

बाईंचा धाक मोठा होता. त्यांच्या नुसत्या रोखून पाहण्याने खेळाडूंचे पाय लटपटत, असे त्या खेळाडूच सांगत आल्या आहेत. सराव कठोर, शब्द कठोर, शिक्षाही कठोर. आजच्या दृष्टीने यांतील काही शिक्षा अतिरेकी ठरतील, आणि त्या तशा होत्याच असे आमचेही मत आहे. दमवून ओकारी येईपर्यंत धावावयास लावणे म्हणजे शिस्त नव्हे. कनेक्टिकट विद्यापीठाशी चालत आलेली सामन्यांची मालिका २००७ नंतर त्यांनी बंद केली आणि कारणांचा उघड खुलासा केला नाही, हेही त्यांच्या लौकिकास शोभणारे नव्हते. बायकांच्या बास्केटबॉलला गर्दी खेचून देणारी ती झुंज होती. पण धाक वाटूनही त्या मुली जन्मभर बाईंकडे येत राहिल्या, ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही.

त्यांच्या विद्यापीठाने पुरुषांच्या संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्यापुढे दोनदा ठेवले. दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला. ही बढती समजावयाची ती कोणत्या हिशेबाने, असा उलट प्रश्न त्यांनी केला. या एका प्रश्नात त्यांचे सारे तत्त्वज्ञान आले. हाती असलेले काम त्यांना पायरी वाटत नव्हते. २००६ मध्ये त्यांचा वार्षिक पगार दहा लाख डॉलरांवर गेला. बायकांच्या बास्केटबॉलमधील प्रशिक्षकास एवढे वेतन त्यापूर्वी मिळाले नव्हते.

२०११ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, आपणास अल्झायमरचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, विकार जडल्याचे बाईंनी स्वतः जाहीर केले. ज्या व्यवसायात प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक चाल ध्यानात ठेवावी लागते त्यात हे सांगण्यास केवढे धैर्य लागले असेल! सहायकांच्या आधाराने त्यांनी आणखी एक हंगाम पार पाडला आणि एप्रिल २०१२ मध्ये पद सोडले. त्याच वर्षी अध्यक्ष ओबामा यांनी त्यांस राष्ट्राचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २८ जून २०१६ रोजी, ६४ व्या वर्षी, नॉक्सव्हिल येथे त्या निवर्तल्या. विजयांचा त्यांचा विक्रम २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या तारा व्हॅनडर्व्हीअर यांनी मागे टाकला आणि २०२४ मध्ये कनेक्टिकटचे जीनो ऑरिएमा त्यांच्याही पुढे गेले. विक्रम मोडावयाचेच असतात. त्याची खंत नाही.

खंत आहे ती निराळी. १९७२ साली अमेरिकन महाविद्यालयांतील मुलींच्या खेळसंघांपैकी शेकडा ९० हून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. तेव्हा त्या कामाला पगार नव्हता, मान नव्हता, स्पर्धकही नव्हता. कायदा आला, पैसा आला, प्रेक्षक आले. आणि २०१४ पर्यंत हे प्रमाण शेकडा सुमारे ४३ वर उतरले. मुलींना खेळावयास मैदान मिळाले, पण त्या मैदानाच्या कडेला उभे राहून त्यांना शिकविण्याची जागा निम्म्याहून अधिक ठिकाणी पुरुषांकडे गेली. पुरुषांनी मुलींना शिकवू नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ऑरिएमा यांचे कर्तृत्व नाकारणे हा आंधळेपणा होईल. पण मुलांच्या संघांचे दार स्त्रियांना जवळजवळ बंद आणि मुलींच्या संघांचे दार पुरुषांना सताड उघडे, हा कसला समान न्याय? फुकटात गणवेश धुवावयास बाई चालते, मोलाचा पगार द्यावयाची वेळ आली की निवडसमितीला अनुभवाची आठवण होते. आपल्याकडील महाविद्यालयांच्या चालकांनीही, मुलींचा संघ परगावी जातो तेव्हा त्यांच्याबरोबर कोण जाते आणि तिच्या हाती काय पडते, हे एकदा आपल्या दप्तरात पाहावे.

दक्षिण कॅरोलायना विद्यापीठाने २०२५ च्या जानेवारीत डॉन स्टेली या प्रशिक्षिकेशी नवा करार केला तो वर्षाला ४० लाख डॉलरांचा. अडीचशे डॉलरांपासून येथवर वाट आली, हे समिटबाईंच्या पिढीचे श्रेय. स्टेली यांच्यासारख्या एक-दोघींच्या पगारावरून मात्र उरलेल्या शेकडो महाविद्यालयांचा अंदाज बांधता येणार नाही. टेनेसी विद्यापीठाने तरी बाईंच्या मागून २०१२, २०१९ आणि २०२४ अशा तीन नेमणुका केल्या आणि तिन्ही वेळा स्त्रीचीच निवड केली. पहिली हॉली वॉरलिक ही त्यांची अनेक वर्षांची सहायक, दुसरी केली हार्पर ही तीन अजिंक्यपदांतील त्यांची खेळाडू. तिसरी किम काल्डवेल ही त्यांची शिष्या नव्हे. तिची निवड तिने अन्यत्र केलेल्या कामावर झाली.