मंडपातला उमेदवार



२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मी मराठवाड्यातील एका उमेदवारासाठी काम केले. त्याचे नाव सांगत नाही, कारण हा रोग एका पक्षाचा नाही. माझ्याकडे खाते होते 'वारकरी संपर्क'. निकालानंतर मी पक्ष सोडला. पुन्हा कुठल्याही उमेदवाराच्या प्रचारात जाणार नाही. का, ते तुमच्यापुढे मांडणे माझे कर्तव्य आहे.

काम सोपे होते. दिंडीचालक, विणेकरी, कीर्तनकार यांच्या गाववार याद्या करायच्या. कुठल्या देवळाला सभामंडप हवा, कुठल्या भजनी मंडळाला पखवाज, कुठल्या पंगतीला तेल-साखर, हे टिपून ठेवायचे. काल्याच्या कीर्तनाला गर्दी भरली की उमेदवाराला आणायचे. नारळ, शाल, बुक्का, दोन मिनिटे हात जोडून उभे राहणे. मत मात्र मागायचे नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरवते. त्यात मतदाराचा धर्मही येतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले. म्हणून आम्ही तोंड मिटून होतो. पंगतीतला तेलाचा डबा कोर्टात सिद्ध करायला कोण पुढे येणार?

त्या वर्षी कार्तिकी एकादशी १२ नोव्हेंबरला आणि मतदान २० नोव्हेंबरला होते. मधल्या दिवसांत गावोगाव काकड्याच्या समाप्त्या. अशा एका समाप्तीला विणेकरी बाबांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "माऊली, तुम्ही शेतीचं शिकलेले. माझं सोयाबीन केंद्रावरून परत आलं, ओलावा जास्त म्हणाले. थांबू का देऊन टाकू?"

सोयाबीनचा हमीभाव तेव्हा ४,८९२ रुपये होता आणि बाजारात अनेक ठिकाणी साडेचार हजारही मिळत नव्हते. खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट होती. ती १५ टक्क्यांवर आली तेव्हा मतदान तोंडावर होते. मला उत्तर ठाऊक होते. सप्टेंबरमध्ये खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवूनही भाव हमीभावाला का टेकला नाही, हेही बोलता आले असते. पण उमेदवाराची गाडी वेशीत आली होती. मी म्हणालो, "बाबा, नंतर बोलू." नंतर बोललो नाही. पदवी घेऊन वीस वर्षे शेतकऱ्याच्या बांधावर घालवली, आणि बांधावरचा प्रश्न मंडपात आला तेव्हा मी पाठ फिरवली.

त्या रात्री या खात्याचा खरा उपयोग कळला. जाहीर सभेत शेतकरी उठून भाव विचारतो. कीर्तनात तो उठत नाही, कारण ते विघ्न ठरते. उमेदवाराला नेमकी हीच जागा हवी असते, जिथे मतदार हजार आणि प्रश्न एकही नाही.

हिशेब करून पाहा. २०२४ मध्ये राज्य सरकारने दर दिंडीला २० हजार रुपये जाहीर केले. २० क्विंटल सोयाबीन विकणाऱ्याला क्विंटलमागे ५०० रुपये कमी मिळाले तर त्याचे १० हजार बुडाले. दिंडीत असे दहाच शेतकरी धरले तरी एक लाख गेले. लाख घेऊन वीस हजार परत दिले, त्याला आपण देणगी म्हणायचे काय?

कोणी म्हणेल, ऐंशीच्या दशकात शेतकरी संघटनेनेही पंढरपुरात विठोबाला साकडे घातले होते. होय, घातले. पण शेतकरी आपल्या देवाकडे आपली मागणी घेऊन उघडपणे गेले होते. मागणी सोडून येण्यासाठी त्यांना कोणी पंगत दिली नव्हती. वारी आपलीच आहे. पेरणी उरकून पंढरीची वाट धरणारा आणि हंगामात भावासाठी झगडणारा माणूस एकच आहे. त्याचे दोन तुकडे करून भक्त तेवढा जवळ करायचा आणि उत्पादक वाऱ्यावर सोडायचा, हा डाव मी माझ्या हाताने खेळलो.

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे दोन सूचना ठेवतो. आपल्या पदाधिकाऱ्याने उमेदवाराला देवळात नेण्याचे काम करू नये. आणि उमेदवार काल्याला आलाच तर त्याला प्रसाद द्यावा, माईक देऊ नये. पंगत उठली की पारावर बसवून भाव विचारावा.

त्या विणेकरी बाबांकडे मी नंतर गेलो. सोयाबीन त्यांनी केव्हाच विकले होते, पडेल भावाने. चहा मात्र पाजला.