मोटारीचा खोटा जमाखर्च

पुण्यांतील मध्यमवर्गीय कुटुंबास हिशेबाची आवड आहे, व ती आम्ही त्याचें भूषणच समजतों. दुधाच्या रतिबाचे खाडे दिनदर्शिकेवर टिपणारीं, वाण्याच्या यादीची बेरीज पुन्हां करून पाहणारीं आणि लग्नांतील आहेराची वही वीस वीस वर्षें जपणारीं हीं माणसें मोटार दारांत आली कीं अंकगणित कसें सोडून देतात, हें कोडें आम्हांस बरेच दिवस पडलें होतें. मोटारीच्या खर्चाविषयीं कोणी बोलत नाहीं असें मात्र नव्हे. बिबवेवाडीसारख्या उपनगरांत त्याविषयीं जितकें बोलणें होतें तितकें मुलांच्या शिक्षणाविषयींहि होत नसेल. सकाळीं टेकडीवरून फिरून परतणारे सेवानिवृत्त गृहस्थ घ्या, किंवा लग्नाच्या पंगतींत शेजारीं बसलेले दोन साडू घ्या. क्षेमकुशल संपतांच 'तुमची गाडी ॲव्हरेज किती देते?' हा प्रश्न यावयाचाच. मग एकानें चौदा सांगावें, दुसऱ्यानें अठरा सांगावें, आणि अठरावाल्यानें विजयी मुद्रेनें जिलबीस हात घालावा. आमची तक्रार एवढीच आहे कीं, हा सारा वाद हिशेबाच्या लहानशा रकमेविषयीं चालतो व मोठ्या रकमा वहींत चढतच नाहींत.

२०२५ सालीं या वादास एक नवा विषय मिळाला. पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें धोरण देशभर अमलांत आलें आणि गाडीची धांव घटली अशी ओरड सुरू झाली. ती निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. लिटरमागें इथेनॉलपासून मिळणारी उष्णता पेट्रोलपेक्षां सुमारें एक तृतीयांशानें कमी असते. तेव्हां मिश्रणानें धांव थोडी घटणारच. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत, दहा टक्के मिश्रणासाठीं जुळविलेल्या मोटारींची धांव सहा ते सात टक्के कमी होईल असा अंदाज दिलेलाच होता. आपल्या पैशाविषयीं जाब विचारण्याचा नागरिकाचा हक्क आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु ज्या कपाटांत या नागरिकाचीं पेट्रोलचीं बिलें जपून ठेवलेलीं असतात, त्याच कपाटांत त्याच्या विम्याचे कागद असतात, आणि विम्यासाठीं गाडीची किंमत ठरविण्याचें कोष्टक कोणासहि पाहावयास मिळतें. सहा महिन्यांच्या आंत पांच टक्के घट, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीन वर्षांपर्यंत तीस, चार वर्षांपर्यंत चाळीस, आणि पांचव्या वर्षीं पन्नास! सहा टक्क्यांसाठीं संपादकांस पत्र लिहिणारा गृहस्थ या पन्नास टक्क्यांविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. त्याचें कारणहि उघड आहे. पेट्रोलचे पैसे हातानें मोजून द्यावे लागतात; घसारा रात्रीं दारांत उभ्या असलेल्या गाडींतून मुकाट्यानें निघून जातो.

आतां आपण प्रत्यक्ष हिशेबच मांडूं. एक लहान पेट्रोल मोटार घ्या. मूळ किंमत ७ लाख रुपये, वर्षाची धांव ७,००० किलोमीटर, शहरांतील रहदारींत लिटरला १४ किलोमीटर, व पेट्रोलचा भाव सोयीसाठीं १०५ रुपये धरूं. पांच वर्षांत गाडी ३५,००० किलोमीटर धांवली, पेट्रोल लागलें २,५०० लिटर, आणि त्याचे झाले २,६२,५०० रुपये. येथवरचा हिशेब प्रत्येक मोटारवाल्यास पाठ असतो. पुढील हिशेब असा. विम्याच्या कोष्टकाप्रमाणें घसारा ३,५०,००० रुपये. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी व किरकोळ दुरुस्त्या मिळून वर्षास २५,००० धरले तर १,२५,००० रुपये. महाराष्ट्रांत या किंमतीच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्के एकरकमी कर आहे, म्हणजे ७७,००० रुपये. तो नोंदणीच्या पंधरा वर्षांवर वांटला तर पांच वर्षांच्या वांट्यास सुमारें २६,००० येतात. शेवटीं व्याज. गाडींत सरासरीनें सव्वापांच लाख रुपये अडकून राहिले. त्यांवर सहा टक्क्यांनीं पांच वर्षांचें व्याज १,५७,५०० रुपये. गाडी कर्ज काढून घेतली असेल तर याहून अधिकच. एकूण बेरीज ९,२१,००० रुपये; म्हणजे किलोमीटरला सव्वीस रुपयांहून थोडे अधिक. यांत पेट्रोलचा भाग सोळा आण्यांपैकीं साडेचार आणे! ज्या इथेनॉलवर एवढें रान उठलें त्यानें या सव्वीस रुपयांत सुमारें अठ्ठेचाळीस पैशांची भर पडते. घसाऱ्याचे दहा रुपये मात्र कोणाच्याच गांवीं नसतात. बाजारांत जुन्या गाडीस विम्याच्या किंमतीहून कमी-अधिक येईल, कोणाची धांव जास्त असेल. ज्यास आमचे आंकडे पटत नसतील त्यानें आपले घालून पाहावे. रकमा बदलतील, खातीं बदलणार नाहींत.

या सव्वीस रुपयांशेजारीं दुसरा एक आंकडा ठेवूं. पुण्यांत रिक्षाचें भाडें २०२२ च्या सप्टेंबरांत पहिल्या दीड किलोमीटरास २५ रुपये व पुढें किलोमीटरला १७ रुपये असें ठरलें. रिक्षावाल्याशीं पांच रुपयांसाठीं हुज्जत घालून, 'यापेक्षां स्वतःची गाडी काय वाईट?' असें म्हणत जो घरीं येतो, त्यानें हें ध्यानांत घ्यावें कीं, त्या सतरा रुपयांत रिक्षाचें इंधन, घसारा, दुरुस्ती आणि एका माणसाची मजुरी इतकें सर्व आलें. आमच्या सव्वीस रुपयांत चालकाची मजुरी शून्य धरलेली आहे. गाडी हा ज्याचा व्यवसाय आहे त्यास घसारा विसरून चालत नाहीं, कारण विसरला तर नवी गाडी घेण्याच्या वेळीं तो रस्त्यावर येतो. धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञानें गोखले संस्थेच्या वतीनें मुंबई इलाख्यांतील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी १९३५ सालींच प्रसिद्ध केली. ज्या शहरांत वाहतुकीच्या अर्थकारणाचा असा अभ्यास नव्वद वर्षांपूर्वीं झाला, त्याच शहरांतील पदवीधरानें आपल्या दारांतील एका मोटारीचा हिशेब मांडूं नये, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

यावर आक्षेप येतील, व ते सगळेच पोकळ नाहींत. रिक्षांत तीन माणसें बसतात, मोटारींत पांच. वृद्ध आईवडिलांस रात्रींअपरात्रीं रुग्णालयांत न्यावें लागतें. गांवाकडे सहकुटुंब जातांना मोटारीसारखी सोय नाहीं. हें सर्व खरें आहे, आणि आमच्याहि दारीं एक मोटार आहे. परंतु 'मोटार ही आतां चैन राहिली नसून गरज झाली आहे', असें जें वाक्य प्रत्येक बैठकींत टाळीसारखें वाजतें तें आम्हांस मान्य नाहीं. गरजेचा खर्च मनुष्य कमींत कमी ठेवण्याची खटपट करतो. मोटार खरोखर गरज असती, तर चांगली चालणारी गाडी बारा-पंधरा वर्षें वापरणें हें चातुर्य ठरलें असतें, कारण पहिल्या पांच वर्षांचा जबर घसारा तेणेंकरून पुढील वर्षांवर पसरतो. प्रत्यक्षांत काय दिसतें? आठ वर्षांची सुस्थितींतील मोटार बाळगणाऱ्यास 'अजून तीच का?' असें विचारलें जातें. २०२५ च्या सप्टेंबरांत लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हां ज्यांच्या जुन्या गाडीस कसलीहि व्याधि नव्हती अशा मंडळींनीं 'बचत' करण्यासाठीं नवी गाडी घेतली! कर वांचविण्याकरितां लाखों रुपये खर्च करणें या क्रियेस आमच्या लहानपणीं दुसरें नांव होतें.

दुरुस्तीच्या बाबतींत तर आमचा मध्यमवर्ग अन्यायहि करतो. कोपऱ्यावरील मेकॅनिकानें क्लच-प्लेट बदलण्याची मजुरी सांगितली कीं त्यास तो लुच्चा ठरवितो. शेजारीं मोठ्या गॅरेजमध्यें वातानुकूलित खोलींत चहा पीत तिप्पट बिल देतांना मात्र त्याचा हात अडखळत नाहीं. मुळांत क्लच झिजविला कोणीं? गंगाधाम चौकाच्या चढावर वीस मिनिटें अर्ध्या क्लचवर रखडणारी गाडी यंत्रशास्त्राच्या नियमानेंच प्लेट झिजविते. भाजी आणण्यासाठीं अर्धा मैल काढलेल्या गाडीचें इंजिन पुरतें तापतहि नाहीं, म्हणून पेट्रोल अधिक जळतें. आणि आठवडाभर जागेवर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते. ज्यास आपण गाडीचे दोष समजतों त्यांतील पुष्कळसे आपल्या वापराचे व आपणच केलेल्या गर्दीचे दोष असतात. त्यांचा दंड मेकॅनिकाच्या नांवें मांडणें हें न्यायाचें नव्हे.

तथापि हा सर्व आपापल्या खिशाचा प्रश्न झाला. कोणास स्वतःचे नऊ लाख उधळावयाचे असतील तर आम्ही कोण अडविणार? आमचा खरा वाद शेवटच्या खात्याविषयीं आहे, आणि तें म्हणजे जागा. एक मोटार उभी करावयास अडीच मीटर रुंद व पांच मीटर लांब, म्हणजे सुमारें १३४ चौरस फूट जागा धरतात. एवढ्या जागेंत एका मुलाची अभ्यासाची खोली होते. आपल्या घराचा चौरस फुटाचा भाव वाचकांस ठाऊक असतोच. त्यांनीं गुणाकार करून पाहावा. ही किंमत ज्याच्या आवारांत जागा आहे त्यानें निदान घर घेतांना मोजलेली असते. बाकीच्यांनीं ती रस्त्यावर टाकलेली आहे. बिबवेवाडीच्या कोणत्याहि गल्लींत रात्रीं दहानंतर फिरावें: दोन्ही बाजूंस मोटारींच्या रांगा, आणि मधून जेमतेम एक वाहन जाईल एवढी फट. गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या छातींत कळ आली. रुग्णवाहिका वेळेवर आली, पण गल्लीच्या तोंडाशींच अडली. चार तरुणांनीं त्यांस खुर्चीवर बसवून, डोक्यावर छत्र्या धरून, चौकापर्यंत उचलून नेलें. गृहस्थ वांचले हें त्यांचें व आमचें भाग्य. त्या रात्रीं डाव्या रांगेंतील तिसरी मोटार आमची होती. तिच्या पेट्रोलचा पै न् पैचा हिशेब आमच्या वहींत होता. या उभें राहण्याचें खातें तींत कोठेंच नव्हतें.

हें खातें उघडण्याचा प्रयत्न झाला नाहीं असें नाहीं. २०१८ च्या मार्चमध्यें पुणें महानगरपालिकेनें वाहनतळ-धोरण मंजूर केलें. विरोध इतका झाला कीं, रात्रीं रस्त्यावर गाडी ठेवण्याचें शुल्क वगळण्यांत आलें आणि प्रयोग पांच रस्त्यांपुरता ठेवण्याचें ठरलें. जपानांत १९६२ च्या कायद्यापासून, गाडी ठेवण्यास जागा असल्याचा पुरावा द्यावा लागतो. २०२५ च्या मे महिन्यांत महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनीं तसाच मनोदय जाहीर केला, तेव्हां आमच्या कट्ट्यावर जणू कांहीं मूलभूत हक्कावरच घाला पडल्याचा आक्रोश झाला. रस्त्याच्या कडेस हातगाडी लावून पोट भरणारा भाजीवाला आम्हांस अतिक्रमण वाटतो. त्याच कडेस तेवीस तास निजलेली आमची मोटार आम्हांस हक्क वाटते. सुशिक्षितांच्या न्यायबुद्धीचा हा नमुना वाखाणण्याजोगा नाहीं.

'मग बस तरी धड आहे का?' असा प्रश्न आतां येईल. नाहीं, आणि त्याचा दोषहि अंशतः आमच्याकडेच येतो. देशांतील पहिला जलद बसमार्ग २००६ च्या डिसेंबरांत कात्रज-स्वारगेट-हडपसर असा पुण्यांतच सुरू झाला. म्हणजे बिबवेवाडीच्या उशाशींच. त्याच्या आंखणींत चुका होत्या, हें मान्य. परंतु त्या राखीव मार्गांत खासगी वाहनें घुसत राहिलीं, आणि बस वेळेवर कां येत नाहीं म्हणून विचारणारा वर्ग त्याच वाहनांत बसलेला होता. ज्या वर्गास लिहितां-बोलतां येतें, जो अर्ज करतो, जो नगरसेवकास घरीं बोलावूं शकतो, तो बसमधून उतरला त्या दिवशीं बसचा वकीलच गेला. अप्पर इंदिरानगरच्या थांब्यावर तासभर तिष्ठणाऱ्या मोलकरणीची तक्रार कोण ऐकतो? स्वारगेटपर्यंत मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरांत आली. तेथून कात्रजपर्यंतच्या साडेपांच किलोमीटरांच्या भुयारी मार्गास त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें केंद्राची मंजुरी मिळाली होती. तो मार्ग पुरा झाला तरी घरापासून स्थानकापर्यंत लहान बस व चालण्याजोगा पदपथ नसेल, तर स्थानकासमोर आमच्या मोटारींची आणखी एक रांग लागेल, इतकेंच.

मोटारी विकून टाका, असा उपदेश आम्ही करीत नाहीं. तो आमच्या तोंडीं शोभणारहि नाहीं. आमचें मागणें हिशेबाचें आहे. मोटार घेण्यापूर्वीं घसारा, व्याज व जागा हीं तीन खातीं वहींत मांडावीं. घेतलीच तर ती दीर्घकाळ वापरावी. रस्त्यावर ठेवावयाची असेल तर त्या जागेचें भाडें पालिकेस निमूटपणें द्यावें, आणि तें बससाठींच खर्च व्हावें असा आग्रह मात्र मोठ्यानें धरावा. आमच्या गल्लींत एका बाजूसच गाड्या लावाव्या, अशी सूचना आम्हीं सोसायटीच्या सभेंत मांडली आहे. ती अद्याप मंजूर झालेली नाहीं. सभा संपल्यावर जिन्यांत एका सभासदांनीं आम्हांस थांबविलें. सूचनेविषयीं कांहीं विचारणार असें वाटलें, त्यांनीं विचारलें, "सर, तुमची ॲव्हरेज किती देते हो?"